डिझेलचा दाब पडतो, गळती सापडत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड आणि आकडे वाचणारं यंत्र) ‘रेल प्रेशर लो’ आलं की पहिला संशय हाय प्रेशर पंपावर जातो आणि दुसरा इंजेक्टरवर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागावर. दोन्ही महागाचे भाग. प्रत्यक्षात दोष बरेचदा टाकी आणि पंप यांच्यामधल्या किरकोळ वस्तूंमध्ये निघतो: चोक झालेला फिल्टर, कडक पडलेली ओ-रिंग (सांध्यातली गोल रबरी रिंग), चिरलेला रबरी पाइप. म्हणून खालची उत्तरं एकाच क्रमाने जातात. आधी टाकीपासून पंपापर्यंतचा भाग निर्दोष ठरवायचा, मगच पुढे सरकायचं. सगळं मुख्यतः कॉमन रेल इंजिनांबद्दल आहे, म्हणजे जिथे पंप दाबाखालचं डिझेल ‘रेल’ नावाच्या एकाच नळीत साठवतो आणि तिथून ते सगळ्या इंजेक्टरांना मिळतं. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांचं वेगळं असेल तिथे तसं म्हटलं आहे.

गळती म्हणजे डिझेल खाली ठिबकणं, एवढंच ना?

नाही, आणि बहुतेक घोळ इथेच होतो. डिझेल गाडीत गळती तीन तऱ्हेची असते.

पहिली बाहेरची. डिझेल ठिबकतं, डाग पडतो, वास येतो. ही गळती सगळ्यात प्रामाणिक, कारण ती लपत नाही.

दुसरी म्हणजे लाइनने हवा घेणं. ज्या गाड्यांत टाकीत इलेक्ट्रिक पंप नसतो तिथे इंजिनवरचा पंपच डिझेल ओढून घेतो. त्यामुळे टाकी ते पंप या लाइनमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. अशा लाइनला बारीक चीर गेली तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जमिनीवर एक थेंब नाही आणि गाडी मात्र आचके देते.

तिसरी आतल्या आत. इंजेक्टरचा किंवा रेलवरच्या व्हॉल्व्हचा भाग झिजला की दाबाखालचं डिझेल सिलिंडरकडे न जाता रिटर्न लाइनने गुपचूप टाकीत परत जातं. बाहेर काहीच दिसत नाही. रेलमध्ये दाब मात्र साठत नाही.

यातली कोणती, हे ठरल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

दाब नेमका किती असायला हवा?

दोन भाग वेगळे मोजा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर फिल्टरपर्यंतच्या लाइनमध्ये साधारण ३ ते ६ बार मिळतात. ओढून घेणाऱ्या पद्धतीत तिथे दाब नसतोच, हलकी ओढ असते, म्हणून तिथे व्हॅक्यूम गेज लावावं लागतं.

हाय प्रेशर बाजूला, म्हणजे पंपापासून इंजेक्टरपर्यंत, इंजिन गरम होऊन आयडलवर (रेस न देता) असताना बहुतेक गाड्यांत २५० ते ४०० बार दिसतात. पूर्ण लोडवर जुन्या कॉमन रेलमध्ये १३५० ते १६०० बार, पुढच्या पिढ्यांत १८०० ते २०००, आणि काही नव्या इंजिनांत २५०० बारपर्यंत. कारच्या टायरमध्ये दोन-अडीच बार असतात, त्यावरून अंदाज करा. सेल्फ मारताना साधारण १०० ते २०० बार तयार झाल्याशिवाय ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडतच नाही. म्हणून ‘सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही’ या तक्रारीत रेलचा दाब हा पहिला वाचायचा आकडा.

जुन्या इनलाइन किंवा रोटरी पंपाच्या इंजिनात रेल नसते. तिथे नोझल साधारण १२० ते २५० बारला उघडते आणि स्कॅनरवर यातलं काही दिसत नाही.

हे सगळे आकडे अंदाजासाठी. तुमच्या इंजिनाचा आकडा कंपनीच्या मॅन्युअलमधून घ्या. आणि आकड्याहून महत्त्वाची आहे ती तफावत: स्कॅनरवर ईसीयूने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब शेजारी शेजारी लावा. स्थिर चालताना दोन्ही जवळपास एकत्र राहिले पाहिजेत. रेस दिल्यावर प्रत्यक्ष दाब मागे पडून मागेच राहिला, तर पुरवठा अपुरा आहे किंवा आतून गळतंय.

पाइपजवळ फवारा दिसतो. हात लावून बघू का?

अजिबात नाही. हे उत्तर वाचून बाकीचं सोडलं तरी चालेल.

सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारं डिझेल त्वचेतून थेट आत शिरतं. त्यासाठी हजार बार लागत नाहीत. सात-आठ बारही पुरतात. हातमोज्याने बचाव होत नाही. सुरुवातीला एवढासा टोचल्यासारखा ठिपका दिसतो, फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस कापड गुंडाळून कामाला लागतो. आत मात्र डिझेल बोटाच्या आवरणातून तळहातापर्यंत पसरत जातं आणि मांस मरायला लागतं. अशी जखम झाली तर वेळ न घालवता थेट हॉस्पिटल गाठायचं आणि ‘दाबाखालचं डिझेल आत गेलं आहे’ हे स्पष्ट सांगायचं. पहिल्या सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तर बोट वाचण्याची शक्यता खूप वाढते.

गळती पाहायची तर लांब काठीला पुठ्ठ्याचा तुकडा लावून तो संशयित जागेजवळून फिरवा. फवारा असेल तर पुठ्ठा ओला होतो. डोळ्यांना चष्मा हवाच. इंजिन बंद केल्यावरही दाब लगेच उतरत नाही. मॅन्युअलमध्ये जितकं थांबायला सांगितलं असेल तितकं थांबा, स्कॅनरवर रेलचा दाब शून्याजवळ आल्याचं पाहा, आणि मगच नटाला पाना लावा.

आगीचं म्हणाल तर डिझेल पेट्रोलइतक्या सहज पेट घेत नाही, हे खरं. पण तेच डिझेल धुक्यासारखं तापलेल्या टर्बोवर किंवा एक्झॉस्टवर उडालं की पेटतं. फवारा दिसला की इंजिन बंद.

जुन्या गाडीत इंजेक्टरचा नट सैल करून हवा काढायचो. कॉमन रेलमध्ये तसंच करायचं का?

नाही. जुन्या पंपावर सेल्फ मारत पाइपचा नट अर्धा फेरा सैल करणं ही रुळलेली रीत होती. कॉमन रेलमध्ये तेच केलं तर वरच्या उत्तरात सांगितलेली जखम होऊ शकते. इथे हवा फक्त कमी दाबाच्या बाजूने काढायची: हँड प्रायमर (डिझेल पुढे ढकलायचा हाताने दाबायचा छोटा पंप) दाबून, किंवा इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी ऑन-ऑफ करून. पुढची हवा पंप स्वतः रिटर्नमधून ढकलतो.

सकाळी सुरू व्हायला खूप वेळ घेते, नंतर दिवसभर कुरकुर नाही. हे काय?

रात्रभरात लाइनमधलं डिझेल टाकीकडे उतरतंय. ते उतरायला कुठून तरी हवा आत यावी लागते, म्हणजे कुठेतरी वाट आहे.

सोपी खूण हँड प्रायमरवर मिळते. रात्री गाडी बंद करताना प्रायमर दाबून पाहा, कडक लागेल. सकाळी सेल्फ मारण्याआधी पुन्हा दाबा. मऊ पडला असेल आणि पाच-दहा वेळा दाबून कडक झाल्यावर गाडी पहिल्या सेल्फला पकडत असेल, तर डिझेल उतरतंय हे नक्की. प्रायमर तसाच कडक असेल तर हा रस्ता सोडा आणि बॅटरी, सेल्फचा वेग, हीटर प्लग यांच्याकडे वळा. सेल्फ हळू फिरला तर पंपही हळू फिरतो आणि रेलमध्ये दाब बनत नाही. पंप मात्र उगाच बदनाम होतो.

डिझेल उतरतंय हे ठरलं की शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. फिल्टरच्या तोंडावरची ओ-रिंग. फिल्टरखालचा पाणी काढायचा नॉब. झटकन लागणारे प्लास्टिकचे कनेक्टर, ज्यांच्या आतली छोटी रिंग कडक होते. हँड प्रायमरचा स्वतःचा व्हॉल्व्ह. आणि हमखास विसरली जाणारी जागा म्हणजे इंजेक्टरांच्या डोक्यावरचे बारीक रिटर्न पाइप. तिथला प्लास्टिकचा टी सांध्याजवळ केसाएवढा चिरतो. इंजिन चालू असताना तिथे फक्त ओलसरपणा दिसतो, इंजिन बंद करून पुसला तर जातो, आणि बंद गाडीत रात्रभर तिथूनच हवा आत जाते.

पारदर्शक पाइप लावून बुडबुडे पाहायचे म्हणतात. किती बुडबुडे चालतात?

फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये हातभर पारदर्शक, डिझेलला टिकणारा पाइप तात्पुरता जोडा. फिल्टर नुकताच बदलला असेल तर पहिली काही मिनिटं बुडबुडे येणारच, ते मोजू नका. नंतर आयडलवर एखादा चुकार बुडबुडा दिसला तर घाबरायचं कारण नाही. पण बुडबुड्यांची सलग रांग किंवा रेस दिल्यावर फेसाळलेलं डिझेल दिसत असेल, तर हवा येतेय.

कुठून, हे शोधायला पाइप मागे मागे सरकवायचा. फिल्टरच्या आधी लावला आणि बुडबुडे नाहीत, नंतर लावला आणि आहेत, तर दोष फिल्टरच्या डोक्यात. दोन्हीकडे आहेत तर टाकीच्या दिशेने जा. टाकीत पंप असलेल्या गाड्यांत या चाचणीचा उपयोग कमी, कारण त्या लाइनमध्ये दाब असतो आणि चीर असेल तर डिझेल बाहेर दिसतं. तिथे साधा पाइप लावून दाबाने निसटू देऊ नका.

बाटलीवर गाडी चालवून बघायची चाचणी कशी करतात?

माझ्या मते संपूर्ण शोधातली सगळ्यात कमी खर्चाची आणि सगळ्यात जास्त उत्तर देणारी चाचणी हीच. स्वच्छ कॅनमध्ये स्वच्छ गाळलेलं डिझेल घ्या, कॅन पंपापेक्षा थोडा उंच आणि एक्झॉस्टपासून लांब घट्ट बांधा, टाकीकडून येणारी लाइन फिल्टरपाशी सोडवून तिच्या जागी कॅनमधून आलेली नळी जोडा आणि रिटर्नही कॅनमध्येच सोडा. गाडी जागेवर चालवा, रेस द्या.

त्रास गेला तर दोष टाकी, टाकीतली जाळी किंवा गाडीखालून येणारा पाइप यांत आहे. पंप आणि इंजेक्टर संशयातून सुटले. त्रास तसाच राहिला तर टाकीकडची बाजू सुटली. एका फेरीत अर्धी गाडी बाद होते. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर मात्र कॅनवरून पुरेसा दाब मिळेलच असं नाही, तिथे गेज लावून मोजणंच बरं.

आयडलला छान चालते, चढावर किंवा ओव्हरटेक करताना पिकअप जातो आणि पी-००८७ कोड येतो.

पी-००८७ म्हणजे रेलमधला दाब अपेक्षेपेक्षा कमी. पंप गेला असं हा कोड म्हणत नाही. आयडलला लागतं ते डिझेल थोडं, म्हणून अर्धा चोक झालेला फिल्टरही ते सहज देतो. लोड आला की मागणी वाढते आणि अडथळा उघडा पडतो.

क्रम असा ठेवा. फिल्टर शेवटचा कधी बदलला ते पाहा, शंका असेल तर बदला. जुना फिल्टर कापून उघडा. काळी चिकट साय असेल तर टाकीत जिवाणूंची वाढ आहे. ती डिझेल आणि पाणी यांच्या सीमेवर होते आणि नवा फिल्टरही थोड्याच दिवसांत पुन्हा चोक करते, म्हणजे टाकी धुतल्याशिवाय सुटका नाही. तांबूस गाळ असेल तर गंज. चकाकणारे बारीक कण असतील तर खाली चुऱ्याबद्दलचं उत्तर वाचा.

व्हॅक्यूम गेज असेल तर फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये लावून पूर्ण रेसवर वाचा. नव्या फिल्टरवर येणारा आकडा एकदा लिहून ठेवला तर पुढच्या वेळी तुलनेला आयता मिळतो. फिल्टर नवा असूनही ओढ जास्त असेल तर अडथळा त्याच्या मागे, म्हणजे टाकीतली जाळी किंवा चेपलेला पाइप. गाडीखाली जॅक चुकीच्या जागी लावल्याने पाइप चेपलेला सापडतो, ते एकदा वाकून पाहाच.

अर्धा तास बरी चालते, मग दम टाकते, बाजूला थांबवून पाच-दहा मिनिटांनी पुन्हा बरी होते, असं असेल तर टाकीतल्या जाळीवर कचरा ओढला जाऊन चिकटतोय आणि ओढ थांबली की सुटतोय. तशीच लक्षणं टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजल्यावर येतात. त्रास होत असतानाच झाकण उघडा. ‘फस्स’ करून हवा आत गेली आणि गाडी सुधारली तर दुरुस्ती झाकणाची.

फिल्टर बदलल्यापासूनच त्रास सुरू झाला.

मग फिल्टर बदलण्याच्या कामातच दोष शोधा. जुनी ओ-रिंग डोक्याला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली, रिंग कोरडीच बसवल्याने पिळली गेली, कनेक्टर ‘टक्’ आवाज होईपर्यंत आत गेला नाही, येणारी-जाणारी नळी उलटी लागली, किंवा हवा पुरती काढलीच नाही. काही स्वस्त फिल्टरांची उंची किंवा रिंगची जाडी किंचित वेगळी असते, ते वरून कळत नाही.

हवा काढताना सलग १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. आणि ईथरचा स्प्रे हवेच्या पाइपमध्ये मारून गाडी ‘उठवू’ नका. हीटर प्लग तापलेला असेल तर तो स्प्रे भलत्या वेळी पेटतो आणि पिस्टनपर्यंत नुकसान जातं.

बाहेरून डिझेल गळतंय, पण सगळं इंजिनच ओलं आहे. मूळ कसं शोधायचं?

ओलसर जागा म्हणजे गळतीची जागा नव्हे. डिझेल खाली उतरतं आणि फॅनच्या वाऱ्याने मागे जातं, त्यामुळे मूळ बहुधा डागाच्या वर आणि पुढे असतं. इंजिन डीग्रीजरने पुसून पूर्ण कोरडं करा. कनेक्टर झाका, थेट पाण्याचा मारा नको. मग संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि गाडी आयडलवर ठेवून लांबून टॉर्चने पाहा. जिथे पावडर पहिल्यांदा गडद होईल ती जागा. तिथेही सापडलं नाही तर डिझेलमध्ये घालायचा यूव्ही डाय (खास दिव्याखाली चमकणारा रंग) मिळतो, तो घालून गाडी फिरवून आणा आणि निळ्या दिव्याखाली बघा.

पाहायच्या जागा: फिल्टरचं डोकं, बँजो बोल्टचे (ज्यातून डिझेल जातं ते पोकळ बोल्ट) वॉशर, रिटर्नचे रबरी पाइप, पंपाचं पुढचं तोंड आणि त्यावरचे झाकणाचे सांधे, रेलवरच्या सेन्सरचं बूड, हाय प्रेशर पाइपची दोन्ही टोकं. तांब्याचे वॉशर जुनेच घट्ट करत बसण्यात अर्थ नाही, नवे घाला.

गळती छोटी असली तरी ताटकळत ठेवू नका. डिझेल रबराला फुगवतं. खाली इंजिन माउंटिंग किंवा टायमिंग बेल्ट भिजत राहिला तर किरकोळ गळतीचं मोठं काम होतं.

हाय प्रेशर पाइपच्या नटातून पाझरतंय. अजून पिळू का? एम-सील लावू का?

एम-सील, टेफ्लॉन टेप, वेल्डिंग, यातलं काहीही नाही. तो सांधा वॉशरवर नाही, धातूवर धातू दाबून बसतो: पाइपचा गोलसर कोन रेलच्या शंकूसारख्या खळग्यात. मध्ये वाळूचा एक कण किंवा टेपचा धागा आला तरी तो बसत नाही.

इंजिन बंद, दाब शून्य, मग नट सोडा आणि दोन्ही तोंडं भिंगातून पाहा. कोनावर सलग चकचकीत वलय दिसलं पाहिजे. ते एका जागी तुटलेलं असेल किंवा आडवी रेघ असेल तर पाइप बाद. स्वच्छ असेल तर नट आधी दोन्ही टोकांना हाताने बसवा, पाइप वाकडा ओढला जात नाही ना बघा आणि टॉर्क पान्याने मॅन्युअलच्या आकड्याला घट्ट करा. जास्त पिळल्याने कोन चेपतो, आटे जातात, आणि पुढचा नवा पाइपही तिथे गळतो. बऱ्याच कंपन्या हे पाइप एकदा काढले की नवेच घालायला सांगतात.

पाइप ज्या क्लॅम्पने धरलेले असतात ते क्लॅम्प परत लावा. ‘उगाच अडचण’ म्हणून फेकून दिलेल्या क्लॅम्पमुळे पाइप थरथरतो आणि काही महिन्यांनी नटापाशीच तडकतो.

इंजेक्टर आतून गळतोय हे कसं ओळखायचं?

रिटर्न चाचणीने. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला वेगळी नळी आणि वेगळी मापाची बाटली लावायची, इंजिन आयडलवर ठरावीक वेळ चालवायचं आणि पातळी शेजारी शेजारी पाहायची. तीन बाटल्या जवळपास सारख्या आणि चौथी दुप्पट-तिप्पट भरली, तर चौथा इंजेक्टर पकडला गेला. चारही सारख्याच पण भरपूर भरल्या, तर सगळेच झिजले असतील; त्यासाठी कंपनीने दिलेली मर्यादा हवी, नुसती तुलना पुरत नाही.

गाडी सुरूच होत नसेल तर इंजेक्टरांचे कनेक्टर काढून नुसता सेल्फ मारा. बंद अवस्थेतला चांगला इंजेक्टर या वेळात रिटर्नला नावापुरतं डिझेल देतो. जो धार सोडतो तो रेलचा दाब खातोय. कनेक्टर काढल्यामुळे आलेले कोड नंतर पुसा.

याच वेळी रेलच्या टोकावरच्या प्रेशर लिमिटिंग व्हॉल्व्हची (जादा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह) रिटर्न नळी काढून तीही पाहा. सेल्फवर तिथून काहीही यायला नको. हा व्हॉल्व्ह तपासायचा राहून जातो आणि चार इंजेक्टर बदलून झाल्यावर आठवतो.

एक सावधगिरी: काही पिझो इंजेक्टरांच्या (विजेने आकार बदलणाऱ्या क्रिस्टलवर चालणारे) रिटर्नमध्ये मुद्दामच १० बारच्या आसपास दाब राखलेला असतो. त्यांना ही बाटल्यांची साधी चाचणी चालत नाही.

इंजेक्टरच्या बुडाशी काळं डांबर साचलंय आणि ‘चुक-चुक’ आवाज येतो. हे डिझेल आहे का?

ही इंधनाची गळती नाही. इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर गेलाय आणि सिलिंडरमधला जळका वायू वर येतोय, त्याचंच ते डांबर. लांबवलं तर ते दगडासारखं कडक होतं आणि इंजेक्टर बाहेर निघता निघत नाही. बसायची जागा साफ करून नवा वॉशर, नवा बोल्ट, बरोबर टॉर्क.

ऑइलची पातळी आपोआप वाढतेय.

डिपस्टिकवरचं ऑइल पातळ लागतं आणि त्याला डिझेलचा वास येतो का पाहा. येत असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. वाटा तीन: हाय प्रेशर पंपाच्या शाफ्टचं सील, व्हॉल्व्ह कव्हरखाली बसणाऱ्या इंजेक्टरची ओ-रिंग किंवा आतला पाइप, आणि उघडा राहिलेला इंजेक्टर. डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत चौथीही आहे: त्यातली काजळी जाळून साफ करताना जास्तीचं डिझेल सोडलं जातं आणि फेऱ्या छोट्या असतील तर ते काम अर्धवट राहून डिझेल ऑइलमध्ये मिसळतं.

पातळी कमाल खुणेच्या वर गेली असेल तर गाडी चालवू नका. बेअरिंग तर जातातच, शिवाय इंजिन स्वतःचं ऑइल जाळत बेफाम पळू शकतं आणि मग चावी काढली तरी थांबत नाही.

दाब खरंच कमी आहे की सेन्सर खोटं बोलतोय?

इंजिन बराच वेळ बंद ठेवून चावी ऑन करा. स्कॅनरवर रेलचा दाब शून्याच्या आसपास हवा. तिथेच ५०-१०० बार दिसत असतील तर सेन्सर किंवा वायरिंग संशयित. मल्टिमीटर असेल तर तीन तारांमध्ये ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थिंग आणि सिग्नल शोधा. बहुतेक सेन्सरांचा सिग्नल शून्य दाबाला अर्ध्या व्होल्टच्या जवळ असतो, आयडलला साधारण १ ते १.५ व्होल्ट, आणि कमाल दाबाला साडेचारच्या आसपास. पी-०१९२ आणि पी-०१९३ हे कोड याच सिग्नलचे, अनुक्रमे फार कमी आणि फार जास्त. ते आले असतील तर आधी कनेक्टर उघडून हिरवट गंज आणि डिझेलचा शिरकाव बघा.

उलटा प्रकार आहे, दाब जास्त दाखवतोय. पी-००८८.

पंपात जाणारं डिझेल मोजून सोडणारा मीटरिंग व्हॉल्व्ह उघड्या स्थितीत अडकलाय का, हे पहिलं. गंज आणि पाण्याने तो चिकटतो; अधूनमधून चिकटत असेल तर आयडलला आरपीएम वर-खाली होतो आणि दाबाचा आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो. नंतर चेपलेली रिटर्न लाइन, मग सेन्सर. हा कोड असताना गाडी दामटू नका.

पंप काढल्यावर आत चमकणारा चुरा निघाला. नुसता पंप बदलला तर चालेल?

दुर्दैवाने नाही. तो चुरा पंपातून रेलमध्ये, रेलमधून इंजेक्टरांत आणि रिटर्नने टाकीतही पोचलेला असतो. नवा पंप बसवला की जुना चुरा त्याच्यात येतो आणि इंजेक्टरही काही दिवसांत जातात. टाकी, लाइन, रेल साफ, फिल्टर नवा, हाय प्रेशर पाइप नवे, इंजेक्टर टेस्ट बेंचवर (गाडीबाहेर इंजेक्टर तपासायचं यंत्र) तपासून मगच परत. खर्च ऐकून माणूस खाली बसतो, पण अर्धवट केलं तर हाच खर्च दोनदा होतो.

म्हणूनच पंप न काढता आधी मीटरिंग व्हॉल्व्ह बाहेर काढून त्याची जाळी पांढऱ्या कागदावर झटका. कण चकाकले तर उत्तर मिळालं.

चुकून पेट्रोल भरलं गेलं.

चावीसुद्धा ऑन करू नका, कारण टाकीतला पंप लगेच ते पुढे ढकलतो. टाकी रिकामी करून घ्या. हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं; पेट्रोल ते धुऊन काढतं आणि वरच्या उत्तरातला चुरा तयार व्हायला लागतो.

फिल्टरमधल्या पाण्याचा दिवा लागतो.

नॉब सोडून पाणी उतरवा, शुद्ध डिझेल आलं की बंद करा, हवा काढा. पुन्हा पुन्हा लागत असेल तर टाकीत पाणी आहे.

गॅरेजवाले थेट ‘चारही इंजेक्टर बदला’ म्हणतात. काय विचारावं?

रिटर्न चाचणीचे चार आकडे मागा. मागितलेला आणि मिळालेला दाब, आयडलला आणि लोडवर, याचा स्कॅनरवरचा फोटो मागा. फिल्टरच्या आधीचा दाब किंवा ओढ मोजली का, विचारा. इंजेक्टर बाहेर काढले असतील तर टेस्ट बेंचचा रिपोर्ट असतोच, तो पाहा. चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खुशीने दाखवतो. आणि बेंचवर दोन पास झाले असतील तर चार का बदलायचे, हेही विचारायचं.

इंजेक्टर बदलल्यावर कोडिंग लागतंच का?

बहुतेक कॉमन रेल गाड्यांत लागतं. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर त्याचा स्वतःचा कोड कोरलेला असतो. तो किती बारीक कमी-जास्त डिझेल सोडतो, हे ईसीयूला त्यावरून कळतं. बसवण्याआधीच फोटो काढून ठेवा, कारण एकदा रिटर्न पाइप आणि वायरिंग वरून गेलं की तो वाचता येत नाही. कोणता कोड कोणत्या सिलिंडरला, हे स्कॅनरने भरायचं. जुने इंजेक्टर काढून साफ करून परत बसवताना सिलिंडर बदलले असतील तरी कोडही त्याप्रमाणे बदलायचे. हे राहिलं तर इंजिन आयडलला थरथरतं, धूर सोडतं आणि नवे इंजेक्टर खराब निघाले असं वाटतं.